शिवडीतलं धामापूर

धामापूरची लोकसंख्या किती, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, शिवडी धरून की शिवडी सोडून? जनगणनेवाला माणूस राहतो तिथे त्याला मोजतो, आणि त्याच्या परीने ते बरोबरच आहे. पण मालवण तालुक्यातल्या या तळ्याकाठच्या गावाचे कितीतरी कर्ते पुरुष माझ्या लहानपणी शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत होते. ते गणपतीला आणि शिमग्याला गावी जात, पगार झाला की मनिऑर्डर करत, आणि पत्ता विचारला की आधी गावचा सांगत. मोजायचं कुठे त्यांना?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. २००१ साली त्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. देश वाढला, राज्य वाढलं, आणि हा जिल्हा घटला. हजार पुरुषांमागे १,०३६ बायका. हा आकडा वाचून लोक जिल्ह्याचं कौतुक करतात, मुलींना जपणारा मुलुख म्हणतात. असेलही. पण पुरुष कुठे गेले ते मला ठाऊक आहे. त्यांच्यातले दहा-बारा जण आमच्या भिंतीपलीकडे घोरत असत.

मी त्या गावचा नाही. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, दुष्काळी पट्ट्यातलं, जिथे तळं हा शब्द फक्त पुस्तकात. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आमची खोली आणि धामापूरकरांच्या मंडळाची खोली एकाच मजल्यावर शेजारी शेजारी. शिक्षण, नोकरी, आज जे काही आहे ते त्या शेजाराच्या जिवावर. त्या शेजारातही मुख्यतः एका माणसाच्या. सगळी चाळ त्यांना तात्या म्हणायची, मीही तेवढंच म्हणेन. नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं. मंडळाच्या अहवालात एकदा आभार मानताना नाव छापलं, तर छपाईचा खर्च वाढवला म्हणून ते चिडले होते.

ती खोली कशी होती ते सांगायला हवं, कारण आता असं राहणं कुणाला खरं वाटत नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२० साली, सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि कामगारांसाठी चाळी बांधायला घेतल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. शिवडीचा वाटा सगळ्यांत लहान, म्हणून बी.डी.डी. म्हटलं की लोकांना वरळीच आठवते. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून लांब बोळ, टोकाला नळ आणि संडास. खोली १६० चौरस फूट. बारा चाळींच्या मिळून ९६० खोल्या. एका खोलीत एक कुटुंब धरलं तरी हजारभर कुटुंबांचं चांगलं मोठं गाव झालं. आणि गावमंडळांच्या खोल्यांत कुटुंब नसे, अख्खी वाडी असे.

धामापूरकरांच्या खोलीत बाई राहत नव्हती. भिंतीला चारी बाजूंनी फळी, फळीवर ओळीने पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येक ट्रंकेखाली एक खिळा. खिळ्यावर एक शर्ट, एक टॉवेल. बाकी सगळं ट्रंकेत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा. वळकट्या वेगळ्या, जमीन तीच. भगवतीची तसबीर पूर्वेच्या भिंतीला, तिच्याखाली कॅलेंडर आणि कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट लाल वही. ती मंडळाची वही. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

जेवायला सगळे खालच्या मजल्यावरच्या काकींकडे. काकी धामापूरला लागून असलेल्या काळशाच्या, नवरा गिरणीत असतानाच गेला. खानावळ म्हणायची ती त्यांच्या घरातच. पंगत बोळात बसे. भात, कुळथाची पिठी, सुकटाचं तिखलं, सोमवारी उसळ. माणूस कामावरून कुठल्या पाळीला सुटणार हे काकींना पाठ, आणि त्या वेळेला त्याचं ताट काढलेलं. मला त्यांनी पहिल्यांदा वाढलं तेव्हा पिठीत चुकून पडलेली सोलाची फोड बाजूला काढली आणि म्हणाल्या, "साताऱ्याच्या माणसाक आंबट सोसाचा नाय." हा गैरसमज मी कधी दूर केला नाही. पुढे वर्षभर माझ्या ताटात गुळाचा खडा जास्तीचा पडत होता.

तात्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेल्या गाठी, पेट्या, पोती मोजायची, कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढायच्या, बोटीच्या माणसाचा आकडा आणि आपला आकडा जुळवायचा. आयुष्यभर मोजलं म्हणून त्यांची नजर सारखी मोजत असे. जिन्याच्या पायऱ्या, रस्त्यावरची झाडं, दिंडीतली माणसं. रविवारी सकाळी ते चाळीतल्या दोन-चार पोरांना घेऊन फिरायला निघत. मी त्यांत कायमचा.

शिवडी ही मुंबईची मागची बाजू आहे असं लोक समजतात. तात्यांच्या मते ती दर्शनी बाजू होती. परळचं बेट पूर्वेला जिथे उतरतं आणि खाडीला लागतं, त्या उतारावर शिवडी. किल्ला टेकाडावर, १६८० च्या सुमाराला इंग्रजांनी बांधलेला. किल्ल्यापाशी उभं करून ते सांगायचे, की जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान १६८९ साली रात्री गलबतं घेऊन इथेच उतरला. कंपनीचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने औरंगजेबाची कुरापत काढली होती, तिची किंमत शिवडीने आधी मोजली. सिद्दीने इथून माझगावपर्यंत मजल मारली आणि पुढच्या वर्षी तह होऊन तो निघून गेला. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नव्हतं. तिथे मुंबई म्हणजे हुंड्यात आलेली सात बेटं, आणि मग एकदम आगगाडी.

किल्ल्याखालची जमीन मात्र जमीन नव्हतीच. हार्बर लाइनची गाडी १९१० साली कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आली, त्याच सुमारास पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्रात भराव घातला. शेकडो एकर. मग त्या भरावावर बंदरं बसली: गवताचं ‘हे बंदर’, लाकडी बंदर, कोळसा बंदर. १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापूस उठून इकडे आला आणि त्याच्या जुन्या जागेचं कॉटन ग्रीन हे नावही सोबत आलं. म्हणजे पुढे ज्या कापसाच्या धुळीने आमच्या चाळीतले लोक खोकत होते, तो कापूसही आमच्यासारखाच बाहेरून येऊन शिवडीत उतरलेला. १९३० च्या दशकात लिव्हरचा कारखाना आला. वारा फिरला की साबणाचा वास चाळीत यायचा, आणि आंघोळीला साबण पुरत नसलेल्या घरात त्या वासाने आई वैतागायची.

ख्रिस्ती दफनभूमीत ते आम्हाला एकाच थडग्यासाठी नेत. जोसेफ बाप्टिस्टा. टिळकांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी, १९२५ साली मुंबईचे महापौर, १९३० साली गेले. तात्या त्यांना काका बाप्टिस्टा असंच म्हणत, जसं काही आमच्याच मजल्यावर राहत होते. ती दफनभूमी होण्याआधी तिथे कृषी आणि बागकाम संस्थेची बाग होती. पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या काळात, १८६५ साली, जागा दफनभूमीसाठी घेतली. तात्यांना या गोष्टी कुठून ठाऊक? तर गोदीतल्या जेवणाच्या सुट्टीत रद्दीतली पुस्तकं वाचून. रद्दीवाला माणूस ओळखीचा होता. परळहून शिवडीकडे रस्ता करताना १९३१ साली सापडलेली ती शिवाची प्रचंड शिळा, बारादेवीच्या देवळातली, तीही त्यांनीच दाखवली. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा निघालेला. तिथे मात्र काही बोलले नाहीत. बराच वेळ आकृत्या मोजत उभे राहिले.

आणि भरती-ओहोटी. त्यांना बंदरावर जायची वेळ पंचांगात बघावी लागत नसे, नुसती तिथी पुरे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीन वाजता पाणी भरलेलं. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या सुमाराला. पाऊणकीचा पाढा शाळेत आम्ही नुसता घोकला होता. त्याचा उपयोग मला शिवडी बंदरावर कळला, चिखलात रुतलेली गलबतं बघता बघता वर उचलली जाताना पाहून. बंदरावर जुन्या लाकडी बोटी दुरुस्त होत. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात हातोडीने ठोकून बसवणारे कारागीर आमच्याकडे न बघता काम करत, आणि तात्या त्यांच्या ठोक्यांचीही मोजदाद करत असावेत असा मला संशय आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी वेगळं काय लिहू? साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास माणसं, दत्ता सामंत. आमच्या घरापुरतं सांगायचं तर पहिले दोन महिने वडील म्हणत होते की मिटेल, तिसऱ्या महिन्यात त्यांनी म्हणणं सोडलं. आईची पोत गेली, मग तांब्याचा बंब गेला. मी तेव्हा नववीत. जून उजाडायच्या आत आई, वडील आणि धाकटी भावंडं गावी निघाली. मीही निघणार होतो. शाळेचा दाखला काढायला अर्ज लिहून तयार होता.

तात्यांनी तो अर्ज वडिलांच्या हातातून घेतला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "हेका धावी होवंदे. मगे काय ता बघू."

संपाने त्या खोलीची शिरगणती उलटीपालटी केली होती. सुरुवातीला पाळ्याच नाहीत म्हटल्यावर सगळे एकदम खोलीत, झोपायला जागा पुरेना. कुणी गच्चीवर, कुणी बोळात. मग पेरणीच्या आधी गिरणीवाले एकेक करून धामापूरला गेले, शेतीला हात लावायला. खोलीत उरले गोदीवाले आणि पालिकेतला एक. म्हणजे जागा होती, पण वर्गणी नव्हती. मंडळाचा नियम असा की गावाबाहेरचा माणूस खोलीत राहणार नाही. रविवारी बैठक झाली. एक गृहस्थ, गिरणीत फिटर, गावी न जाता मोर्च्यांसाठी मागे राहिलेले, उठून म्हणाले, "आज साताऱ्याचो इलो, उद्या आणखी कोण येतलो?" त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांची स्वतःचीच तीन महिन्यांची वर्गणी थकलेली, आणि इथे एका परक्या पोराला फुकट ठेवायचा विषय. तात्या म्हणाले, फुकट कोण ठेवतोय? वहीत पान उघडा. ह्याच्या नावे लिहा, हमी माझी.

अशा रीतीने मी धामापूरचा झालो. वहीतल्या एका पानाने.

ज्यांनी हरकत घेतली होती, त्या फिटरकाकांनीच मला वर्षभर पहाटे चारला उठवलं. त्यांना संपाच्या काळजीने झोप लागत नसे. स्टोव्हवर दोन कप चहा करायचे, एक मला द्यायचे, आणि मी बीजगणित करत असताना समोर बसून राहायचे. बोलणं नाही. एखादं गणित अडलं की वही ओढून घ्यायचे. शाळा सातवीपर्यंत, पण त्रैराशिक आणि प्रमाण त्यांना गिरणीतल्या दातेरी चाकांमुळे पक्कं. पुढल्या वर्षी त्यांना क्षय निघाला. शिवडीचं पालिकेचं क्षयरोग रुग्णालय आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आख्ख्या मुंबईत त्या नावाची धास्ती. नातेवाईक वॉर्डात पाय ठेवायला कचरत. काकींचा डबा घेऊन खोलीतल्या माणसांनी पाळ्या लावल्या, गिरणीत लावतात तशा. फिटरकाका बरे झाले. तिथल्या परिचारिकांनी त्यांना गोळ्या न चुकवता घ्यायला लावल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. स्वतःच्या फुप्फुसांची पर्वा न करता त्या वॉर्डात जन्म काढणाऱ्या माणसांचंही शिवडीवर ऋण आहे. ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

दहावीची परीक्षा झाल्यावर, १९८३ च्या मे महिन्यात, तात्या मला गावी घेऊन गेले. कोकण रेल्वे यायला अजून पंधरा वर्षं होती. परळहून एस.टी., रात्रभर घाट, सकाळी कुडाळ, तिथून मालवणच्या रस्त्याला दुसरी गाडी. गाव म्हणजे मला वाटलं होतं एका जागी घरं असतील, मध्ये चावडी, पार. इथे तर गाव दिसतच नव्हतं. झाडीत एक घर, मग वळण, मग चढ, मग दुसरं घर. वाड्यावाड्यांनी पांगलेलं. आणि सगळ्या घरांत बायका. नांगर सोडला तर प्रत्येक काम बाईच्या हातात: पाणी, गोठा, काजू, कोर्टाची तारीख, पोरांची शाळा. तात्यांच्या घरी त्यांची आई, बायको आणि दोन मुली. तात्या त्या घरात पाहुण्यासारखे बसत होते. पाणी कुठे ठेवलंय ते त्यांना विचारावं लागत होतं.

मग तळं दाखवलं. तीन बाजूंनी डोंगर, गर्द झाडी पाण्यापर्यंत उतरलेली, चौथ्या बाजूला बांध आणि बांधाशी भगवतीचं देऊळ. देवळापासून जांभ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यात जातात. हे तळं आपोआप झालेलं नाही. विजयनगरच्या अमलात मांडलिक असलेल्या नागेश देसाई यांनी १५३० साली धामापूर आणि काळसे इथल्या लोकांना हाताशी धरून ते बांधलं. दोन डोंगरांमधली घळ बघून नेमक्या जागी बांध घातला, आणि खालच्या भाताला, माडा-पोफळीला पाटाने पाणी दिलं. शिवडीचा किल्ला बांधला गेला तेव्हा या बांधाला दीडशे वर्षं होऊन गेली होती. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. तात्या तेव्हा हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, साडेचारशेच्या वर वर्षं पाणी देतंय, आत्ता कळलं काय?

मी दुष्काळी भागातला. मे महिन्यात एवढं पाणी एका जागी, कुणी न राखता, कुणी न भांडता, माझ्या डोक्यात बसेना. मी विचारलं, हे संपत नाही? तात्यांनी बांधाच्या पायथ्याचा दगड दाखवला. म्हणाले, दरवर्षी कुणीतरी गाळ बघतं, कुणीतरी पाट साफ करतं, कुणाची पाळी कधी ते ठरलेलं असतं. म्हणून नाही संपत.

त्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मला दागिन्यांची गोष्ट सांगितली. धामापुरात ती सगळ्यांना ठाऊक आहे. गरिबाघरचं लग्न निघालं, मुलीच्या अंगावर घालायला काही नाही, तर फुलांचे दागिने करायचे: फुलांची पाटली, फुलांचा हार, फुलांची नथ. परडीत ठेवून तळ्यात सोडायचे आणि देवीला गाऱ्हाणं घालायचं. सकाळी परडीत तेच दागिने सोन्याचे होऊन येत. लग्न पार पडलं की जसेच्या तसे तळ्याला परत. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं. मग एकाला मोह पडला आणि त्याने दागिने ठेवून घेतले. त्या दिवसापासून तळ्याने देणं बंद केलं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक शेवटी लोभाबद्दल बोलतात. तात्या टॅली क्लार्क होते. त्यांचं म्हणणं वेगळं. "देवीन वही ठेवलेली नाय," ते म्हणाले. "कोणाक दिला, कधी दिला, परत कधी इला, लिवलेला असता तर एकट्यान बुडवल्यान म्हणून सगळ्यांचा बंद करूचा लागला नसता." मला हसू आलं, ते हसत नव्हते.

आता वहीबद्दल. तिच्यात डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वर्गणी, खोलीचं भाडं, विजेचं बिल, गणपतीच्या एस.टी.चे आगाऊ पैसे. पण त्याशिवाय जे होतं ते मी पुढे मोठा झाल्यावर नीट वाचलं. कुणाच्या घराची कौलं, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, कुणाचा म्हैस घेण्याचा विचार आणि मग म्हैस मेल्याची नोंद. गावाहून नवीन पोरगा आला की तारीख, वय, कुणाच्या ओळखीने, कुठल्या गिरणीत बदली म्हणून लागला. आजारी पडून गावी गेला तर तारीख. वारला तर तारीख, आणि येणं असेल तर त्यावर आडवी रेघ. मेलेल्याच्या नावे येणं ठेवायचं नाही असा मंडळाचा ठराव. संपाच्या वर्षातली पानं उजव्या बाजूला गच्च भरलेली आणि डावीकडे कोरी. एवढ्या गिचमिड अक्षरात धामापूरचा त्या काळातला इतिहास आहे, भूगोल आहे आणि लोकसंख्याही. गावातल्या कुठल्याही दप्तरात तो सापडणार नाही.

माझं पानही आहे. परीक्षा फी, नकाशाची वही, कंपासपेटी, चपला, काकींची खानावळ महिन्याच्या महिन्याला. एका ओळीत नुसतं "चष्मा". मला डोळ्यांनी कमी दिसतं हे माझ्या आधी तात्यांच्या लक्षात आलं होतं, कारण मी फळ्यावरचा आकडा चुकीचा उतरवत होतो, आणि चुकीचा आकडा त्यांना सहन होत नसे. पानाच्या शेवटी बेरीज ६१२ रुपये.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी ते पैसे घेऊन गेलो. मला वाटलं होतं ते नको म्हणतील, पाठीवर हात ठेवतील, मग माझे डोळे भरून येतील. तसं काही झालं नाही. तात्यांनी चष्मा लावला, वही सुतळीतून सोडवली, पान काढलं, पैसे दोनदा मोजले. जमेच्या बाजूला ६१२ लिहिलं, तारीख घातली, "खातं बंद" असं लिहून माझी सही घेतली. मी म्हटलं, तात्या, थोडे जास्त ठेवा, मंडळाला. म्हणाले, देणगी वेगळी, उसनवारी वेगळी. देणगीचं पावतीपुस्तक सेक्रेटरीकडे आहे. मग काकींना हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

मला आधी थोडं लागलं होतं, आता नाही. ते पैसे मी देऊ शकलो म्हणूनच मी त्या खोलीत आयुष्यभर ताठ मानेने जाऊ शकलो. पैसे फिटले की माणूस मोकळा होतो, हे ज्याला उपकार करता येतात त्यालाच कळतं. पहाटेचा चहा, गुळाचा खडा, पाऊणकी, बाप्टिस्टांचं थडगं हे वहीत नव्हतं, त्याला जमा-नावे नव्हतंच. ते मी फेडायचा प्रयत्नही केलेला नाही.

तात्या निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो यायला लागून थोडीच वर्षं झाली होती. गिरण्या बंद पडत होत्या आणि चिखलात हजारोंनी गुलाबी पाखरं उतरत होती. मुंबईकर दुर्बिणी घेऊन शिवडीला यायला लागले, ज्यांना आधी शिवडी म्हणजे फक्त क्षयाचं हॉस्पिटल ठाऊक होतं. आता त्याच चिखलावरून अटल सेतू गेलाय, १२ जानेवारी २०२४ पासून, २१.८ किलोमीटरचा. गाड्या शिवडीत न थांबता शिवडीवरून न्हावाशेव्याला जातात. किल्ल्यावर उभं राहिलं की पूल दिसतो, पुलावरून किल्ला दिसतो की नाही ते ड्रायव्हरच्या वेगावर.

चाळी अजून उभ्या आहेत. वरळीला, नायगावला, ना. म. जोशी मार्गाला पुनर्विकास सुरू झाला. शिवडीच्या बारा चाळींची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारची, म्हणून त्यांचं घोडं अडलं. पण आज ना उद्या त्या पडतील आणि पडायलाही हव्यात. गिलावा सुटलाय, सळया दिसतात. आठवणींसाठी कुणी १६० चौरस फुटांत राहावं असं मला वाटत नाही.

धामापूरकरांच्या खोलीत आता मंडळाचं फारसं कुणी राहत नाही. वह्या एका ट्रंकेत होत्या. मंडळाच्या तरुण चिटणीसांनी त्या गावच्या शाळेत नेऊन ठेवल्या, हे चांगलं केलं. शिवडी, काळाचौकी, लालबाग, परळ इथे अशा मंडळांच्या खोल्या अजून कितीतरी आहेत: मालवणच्या, देवगडच्या, संगमेश्वरच्या, आमच्या साताऱ्याच्याही. त्यांच्या फळ्यांवर वह्या पडून आहेत, उंदरांनी कुरतडलेल्या. घर रिकामं करायची नोटीस आली की पहिल्यांदा रद्दीवाल्याला बोलावलं जातं. तुमच्या आजोबांच्या मंडळाची वही तुमच्या ताब्यात असेल तर ती किलोवर घालू नका. गावच्या शाळेच्या कपाटात ठेवा, ग्रामपंचायतीत ठेवा, ते जमलं नाही तर निदान पानापानाचे फोटो काढून ठेवा, आणि त्यात कुणाचं खातं उघडं राहिलेलं दिसलं तर त्याच्या घरच्यांना कळवा.